स्वहस्ते अभिप्राय

“हे चालायचं नाही, गहिनीनाथ,” असं म्हणून घुले भाऊसाहेबांनी माझं पत्रक टेबलावरून परत माझ्याकडे सरकवलं. “शेवटचा रकाना पुन्हा लिहायचा. डॉक्टरांनी, स्वतःच्या हातानं, समितीच्या समोर.”

“भाऊसाहेब, डॉक्टरांनीच लिहिलाय की तो.”

घुले आमच्या जिल्हा कार्यालयात आस्थापनेचे लिपिक. कोणाची बदली, कोणाची बढती, कोणाची रजा, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

“डॉक्टरांनीच लिहिलाय ना? मग परत लिहायला काय जड जातंय?”

जड तर जातच होतं. त्या पत्रकातलं एक अक्षरही डॉक्टरांचं नव्हतं. खालची सहीसुद्धा मीच ठोकली होती.

ह्या गोष्टीला आता पंचवीस वर्षं झाली. तेव्हा मी हिवरपाटच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होतो. परिचर म्हणजे वर्ग चार. झाडलोट करायची, पाणी भरायचं, सुया-कात्र्या उकळायच्या, जनावर खोड्यात घालून धरायचं. त्या साली सरकारनं आमच्या खात्यातल्या वर्ग चारच्या सगळ्या पदांची छाननी काढली. ज्याचं काम तांत्रिक ठरेल तो वर्ग तीनमध्ये जाणार, पट्टीबंधक होणार, त्याची वेतनश्रेणी बदलणार आणि तो आहे तिथंच राहणार. ज्याचं काम अतांत्रिक, त्याचं पद रद्द आणि माणूस अतिरिक्त. अतिरिक्त माणसाला सरकार काढून टाकत नाही, पण जिथं जागा रिकामी असेल तिथं नेऊन टाकतं. आमच्यातला हरिभाऊ सानप तसाच गेला होता, दोनशे किलोमीटरवर एका गोदामाचा राखणदार म्हणून. अठरा वर्षं गाईम्हशींत काढलेला माणूस तिथं दिवसभर कुलपं ओढून बघत बसायचा. दिवाळीला आला तेव्हा माझ्याशी धड बोलला नाही.

माझी बायको चंद्रकला गावातच बालवाडीत मदतनीस होती. दोघी पोरी शाळेत. मी गेलो असतो तर एकटाच गेलो असतो आणि घराचे दोन तुकडे झाले असते. आणि खरं सांगू का, घर राहू द्या बाजूला, मला दुसरं येतच काय होतं? जनावर सोडून मला ह्या जगातलं काही म्हणजे काही येत नव्हतं.

“असा नियम कुठनं आला भाऊसाहेब?” मी विचारलं.

“तुमच्यासारख्या शहाण्यांमुळं आला. एका तालुक्यानं एकवीस पत्रकं पाठवली. एकवीस पदं, एकवीस कार्यालयं, आणि अभिप्राय सगळ्यांवर एकाच अक्षरात, एकच वाक्य! वालावलकर बाई भडकल्या. त्याच समितीच्या प्रमुख आहेत. आता कार्यालयात जाऊन, प्रमुखाला समोर बसवून, त्याच्याच हातानं लिहून घेतात. हे पद तांत्रिक आहे की नाही, एवढं एक वाक्य.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“रकाना रिकामा तर अतांत्रिक. बाई तिथल्या तिथं शेरा मारतात आणि उठतात.”

“समजा, डॉक्टरांच्या हाताला लागलं असलं, प्लास्टर असलं तर?”

घुल्यांनी चष्मा खाली घेतला. “गुरुवारी अहवाल मुंबईला जातो. कोणाचा हात बरा व्हायची वाट सरकार बघत नाही.” मग आवाज उतरवून म्हणाले, “हे बघ, काय भानगड आहे ती मला सांगू नकोस. मला कळलं की मला लिहावं लागतं. सोमवारी अकरा वाजता येतील. जा आता.”

भानगड अशी होती की डॉ. मिरीकरांचा उजवा हात तीन वर्षांपासून कापत होता.

आधी नुसता अंगठा. मग पंजा. मग चहाची बशी खुळखुळायला लागली तेव्हा त्यांनी बशी सोडून दिली आणि पेल्यातून अर्धाच चहा घ्यायला लागले. सुई धरवेना, पेन धरवेना. सुरुवातीला ते शेजारी उभं राहून सांगायचे आणि मी करायचो. पुढं सांगायचीही गरज उरली नाही. टाके मी घालायचो, अडलेलं वासरू मी ओढायचो, इंजेक्शन मी द्यायचो, आणि संध्याकाळी रजिस्टर भरून प्रत्येक नोंदीपुढं त्यांची सही मी करायचो. शेवटी शेवटी तर त्यांची सही त्यांच्यापेक्षा मलाच चांगली यायची. गावात लोक मला चेष्टेनं गहिनी डॉक्टर म्हणायचे. साहेबही हसायचे. पण ती चेष्टा गावाच्या वेशीबाहेर गेली असती तर दोघांचीही नोकरी गेली असती, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. वर्ग चारच्या माणसानं जनावराला सुई लावणं नियमात बसत नाही, आणि खोट्या सहीचं काय होतं ते मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

मी हे का केलं, असं कोणी विचारलं तर सांगतो. सातवीत नापास झालेलं एकोणीस वर्षांचं पोरगं साहेबांच्या हाताखाली आलं होतं. त्यांनी मला कधी ‘ए’ म्हणून हाक मारली नाही. मेलेली शेळी उघडून त्यांनी मला पोटातला एकेक भाग दाखवला, नावं पाठ करून घेतली, चुकलं की दुसऱ्या दिवशी परत विचारलं. बापानं माझ्यासाठी तेवढं केलं नव्हतं. त्यांच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. तेवढं सुखानं जावं, एवढंच दोघांच्या मनात होतं.

मी घुल्यांचं बोलणं सांगितलं तेव्हा साहेब औषधांच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, उजवा हात मांडीखाली दाबून. तशीच सवय झाली होती त्यांना.

“एवढंच ना? एक वाक्य?” ते म्हणाले. “अरे, त्यात काय घाबरतोस? आण कागद.”

मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा पुढं ठेवला. त्यांनी पेन धरलं. ‘हे’ लिहायला घेतलं आणि मात्रा पार पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कोणाच्या घरातलं उघडंनागडं काहीतरी दिसावं तसं मला झालं होतं.

“गोळी आहे,” ते म्हणाले. “नगरच्या डॉक्टरनं दिलेली. दिवसाला दोनच घ्यायच्या. घेतल्यावर थोडा वेळ हात थांबतो. बघू या किती वेळ थांबतो ते.”

मग आम्ही तेच करत बसलो. दोन दिवस. ते गोळी घ्यायचे आणि मी घड्याळ लावायचो. पंचवीस मिनिटांनी हात शांत व्हायचा. त्यापुढं पाऊण तास तसा राहायचा, आणि मग बोटांच्या टोकांपासून परत सुरू. त्या पाऊण तासात त्यांनी पुठ्ठ्यांवर लिहून लिहून ढीग घातला. ‘हे पद तांत्रिक आहे. हे पद तांत्रिक आहे.’ शाळेतल्या पोरासारखी जीभ दातांत धरून लिहायचे. दुसऱ्या दिवशी सही चक्क जुन्या सहीसारखी आली. मी ओरडलोच.

“जमलं साहेब! अगदी रजिस्टरातल्यासारखी!”

“म्हणजे तुझ्यासारखी,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघं इतके हसलो की मागच्या क्वार्टरमधनं साहेबांच्या मंडळी, वहिनीसाहेब, काय झालं म्हणून बघायला आल्या. पुठ्ठे बघून त्यांना सगळं कळलं. जाताना मला दारात गाठून हळूच म्हणाल्या, “गहिनी, निभेल ना रे?”

“निभेल वहिनी. अकराला येतात. साडेदहाला गोळी दिली की झालं.”

मी असं ठणकावून सांगितलं खरं, पण रविवारी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. चंद्रकला म्हणाली, “तुम्ही का एवढं घाबरताय? काम तर तुम्ही सगळं करताच की. जे करता ते सांगा.” आता ह्या बाईला काय सांगावं? जे करत होतो तेच सांगता येत नव्हतं, हीच तर सगळी पंचाईत होती.

सोमवारी साडेदहाला साहेबांनी गोळी घेतली. इस्त्रीचा शर्ट, खिशाला नवं पेन. अकरा वाजले. जीप नाही. सव्वाअकरा, साडेअकरा. मी फाटकापर्यंत दहा फेऱ्या मारल्या. पावणेबाराला साहेबांनी हात समोर धरून बघितला आणि परत मांडीखाली घातला.

“पहिली गेली,” मी म्हणालो.

“दुसरी आहे. पण आता निघाल्याचं कळल्याशिवाय घ्यायची नाही.”

मी पोस्टात पळालो. गावात फोन तेवढाच. पोस्टमास्तरनं तालुक्याला फोन लावून दिला. पलीकडनं कोणीतरी म्हणालं, समिती आत्ताच निघाली, पाऊण तासात पोचेल. मी तसाच परत पळत आलो. एक वाजायला दहा मिनिटं कमी होती. साहेबांनी दुसरी गोळी घेतली. मी मनात हिशेब केला, सव्वा ते दोन हात शांत. दीडपर्यंत येतील. अगदी बरोबर बसतंय.

कसलं बरोबर! वाटेत कोण्या पुढाऱ्याच्या घरी त्यांना जेवायला थांबवलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. दीड वाजला, दोन वाजले. साहेबांची बोटं टेबलावर हळूहळू नाचायला लागली, आणि मी अक्षरशः देवाचं नाव घ्यायला लागलो. तिसरी गोळी घ्या म्हणालो तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

“तिसरी घेतली तर भोवळ येते रे. मग लिहिणं राहिलं, मला उचलावं लागेल.”

आणि नेमकी त्याच वेळी वाडीवरची बाजाबाई शेळी घेऊन आली. शेळीची कास तारेनं फाटली होती. रक्त गळत होतं. मी म्हणालो, “आजी, जरा थांब, मोठे साहेब लोक यायचेत.” साहेब बिचारे लोकलाजेस्तव उठले आणि शेळीजवळ गेले, तर म्हातारीनं दोरी मागं ओढली.

“तुमी नगं सायेब. माझ्या शेळीला ह्यो आमचा गहिनी डॉक्टरच पायजे.”

“आजी, गप बस गं!” मी हात जोडले. तेवढ्यात फाटकात जीप वाजली. पावणेतीन वाजले होते.

मी म्हातारीला धरून मागच्या बाजूला निंबाखाली बसवलं, जखमेवर कापूस दाबून धर म्हणून सांगितलं, आणि पुढं पळालो. वालावलकर मॅडम उतरल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक, सुती साडी, हातात फायलींचा गठ्ठा. त्यांच्याबरोबर घुले भाऊसाहेब. घुल्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मॅडम पायरी चढतात न चढतात तोच मागनं बाजाबाईचा आवाज आला, “कवाधरनं बसलीया मी! ओ गहिनी डॉक्टर!”

मॅडम थांबल्या. “गहिनी डॉक्टर कोण?”

“म्हातारी आहे मॅडम,” मी म्हणालो. “कोणालाही डॉक्टर म्हणते. मागच्या आठवड्यात पोस्टमनला म्हणाली होती.”

घुले खोकले. मॅडम हसल्या नाहीत.

आत साहेब उभे होते, उजवा हात पाठीमागं धरून. नमस्कार त्यांनी नुसता मान लववून केला. मॅडमनी खुर्ची ओढली, रजिस्टर मागवलं, चार पानं उलटली आणि मला समोर उभं केलं.

“नाव?”

“गहिनीनाथ आबाजी बडे.”

“दिवसभर काय काम करता, ते तुमच्या शब्दांत सांगा.”

मी पाठ केलेलं म्हणायला लागलो. औषधं काढून देतो, उपकरणं उकळतो, जखम धुतो, पट्टी बांधतो, साहेब टाके घालतात तेव्हा हाताशी उपकरणं देतो, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. एवढं काम वर्ग तीनला पुरत होतं. त्यापुढं एक शब्द बोललो की फसलो.

“टाके घालताना जनावर कोण धरतं?”

“मीच, मॅडम.”

“जनावर धरता आणि उपकरणंही देता? म्हणजे हात किती आहेत तुम्हाला?”

“धरायला शेतकरी असतो मॅडम. मी नुसता डोक्याकडं असतो.”

“गेल्या महिन्यात सदतीस जनावरांना टाके घातलेत. सगळे डॉक्टरांनी?”

“होय मॅडम. साहेबांनी.”

हे बोलताना मी साहेबांच्या बाजूला बघितलं नाही. मॅडमनी मात्र बघितलं. मग त्यांनी गठ्ठ्यातनं माझ्या पदाचं कोरं पत्रक काढलं, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ते साहेबांच्या पुढं सरकवलं.

“डॉक्टर, इथं तुमचा अभिप्राय. स्वहस्ते. एक वाक्य पुरे.”

साहेब खुर्चीवर बसले. खिशातलं पेन त्यांनी डाव्या हातानं काढलं. टोपण दातांनी धरून काढलं. घुल्यांनी मान दुसरीकडं वळवली. साहेबांनी उजवा हात टेबलावर आणला आणि डाव्यानं त्याचं मनगट दाबून धरलं. तरी टेबलावरची टाचणीची डबी वाजायला लागली. एवढीशी डबी ती, पण त्या खोलीत दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मॅडम, मी अभिप्राय तोंडी दिला तर?”

“चालत नाही, डॉक्टर.”

“कोणाकडून लिहून घेतला, मी सांगितला…”

“तेच तर थांबवायला आम्ही फिरतोय.” मॅडमचा आवाज कठोर नव्हता. “तुमची इच्छा नसेल तर रकाना रिकामा सोडा. तुम्हाला कोणी विचारणार नाही. मी अतांत्रिक असा शेरा लिहीन आणि आम्ही निघू. त्यात तुमच्यावर काही येत नाही.”

खरंच होतं ते. रिकामा सोडला असता तर त्यांच्यावर काहीच येत नव्हतं. जीप निघून गेली असती, साहेबांनी सव्वा वर्ष हात मांडीखाली दाबून काढलं असतं आणि हारतुरे घेऊन मानानं घरी गेले असते. जाणार होतो तो मी एकटा.

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तू काळजी करू नकोस, मी आहे, असं ते बघणं होतं. मला हरिभाऊ दिसला, ती कुलपं दिसली, पोरी दिसल्या. मी मान खाली घातली आणि फरशीकडं बघत राहिलो.

मग पेन कागदावर टेकल्याचा आवाज आला.

त्या एका वाक्याला किती वेळ लागला ते मला सांगता यायचं नाही. मध्ये एकदा कागद फाटला. मध्ये एकदा ते थांबले आणि त्यांनी श्वास घेतला. मी वर बघितलंच नाही. संपलं तेव्हा मॅडमनी पत्रक स्वतःकडं घेतलं. ‘हे पद तांत्रिक आहे.’ वाचता येत होतं. खाली सही म्हणून नुसत्या वेड्यावाकड्या रेघा होत्या. मॅडमनी रजिस्टर उघडून शेजारी ठेवलं. तिथं सदतीस सह्या, सगळ्या एकसारख्या, गोल, घोटीव.

“डॉक्टर, ह्यातली तुमची सही कुठली?”

“ही. आज केलेली.” साहेबांचा आवाज मात्र अजिबात कापत नव्हता. “त्या माझ्या सांगण्यावरून झाल्या. तीन वर्षं. त्याचा त्यात काही दोष नाही. मी वरिष्ठ आहे, मी हुकूम केला, त्यानं ऐकलं. हेही लिहून देऊ का?”

“नको,” मॅडम पटकन म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मी पदांचं वर्गीकरण करायला आलेय, डॉक्टर. चौकशीला आले नव्हते. पण हे मी आता बघितलं. बघितलं नाही असं मला लिहिता येणार नाही.”

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “तुम्ही तुमचं काम करा.”

मॅडमनी माझ्या पत्रकावर ‘तांत्रिक’ असा शेरा मारला, तारीख घातली. माझ्या डोळ्यांदेखत. आणि मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण साहेबांचं सगळं संपलं होतं तिथं, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. जीप गेल्यावर मी मागं जाऊन बाजाबाईच्या शेळीला टाके घातले, तेव्हा माझे हात एकदम हलके झाले होते.

पुढं सहा महिन्यांनी दोन लिफाफे आले. एकात माझा हुकूम होता. पट्टीबंधक, वर्ग तीन, नवी वेतनश्रेणी, जागा हिवरपाटच. सह्यांबद्दल एक ताकीदही जोडली होती, साहेबांनी दोष अंगावर घेतला म्हणून तेवढ्यावर निभावलं. दुसऱ्यात साहेबांना वैद्यकीय मंडळापुढं हजर राहायचा हुकूम. मंडळानं त्यांना अपात्र ठरवलं आणि ते आठ महिने आधीच निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला नाही. क्वार्टर रिकामं करताना सामान टेम्पोत मीच चढवलं. वहिनीसाहेब माझ्याशी नेहमीसारखंच बोलल्या, पण मला त्यांच्याकडं बघवेना.

नवे डॉक्टर तरुण होते, नियमाचे पक्के. आल्या आल्या त्यांनी माझ्या नव्या पदाच्या कामांची यादी भिंतीवर लावली. पट्टीबंधकानं पट्टी बांधायची, टाक्यांना हात लावायचा नाही. त्यानंतर एकवीस वर्षं मी पट्ट्याच बांधल्या. वर्ग चारमध्ये होतो तोवर डॉक्टर होतो, वर्ग तीनमध्ये गेलो आणि मदतनीस झालो. लोक हसायचे, मीही हसायचो.

आणि लोकांना मी ही गोष्ट फार रंगवून सांगायचो. साहेबांनी माझ्याकडं कसं बघितलं, काही न बोलता मला कसा धीर दिला, आणि माझ्यासाठी स्वतःची नोकरी कशी पणाला लावली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं.

साहेब नगरला मुलाकडं राहायचे. मी वर्षातून एकदा जायचो, पण त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. आठ वर्षांनी गेलो तेव्हा आजार सगळ्या अंगात पसरला होता. पाठीला उशा लावून पलंगावर बसवलेले. वहिनीसाहेब चमच्यानं भात भरवत होत्या. त्या ताट घेऊन आत गेल्या आणि मला काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडातनं निघून गेलं.

“साहेब, त्या दिवशी मी तुम्हाला थांबवायला पाहिजे होतं. राहू द्या म्हणायला पाहिजे होतं.”

आवाजही आता बारीक झाला होता त्यांचा, जवळ वाकून ऐकावं लागायचं.

“थांबवलं असतंस तर थांबलो असतो मी,” ते म्हणाले. “म्हणून तर तुझ्याकडे बघितलं होतं.”

मी तसाच वाकून उभा राहिलो. रागानं म्हणाले नव्हते ते. त्यांनी आत हाक मारली, “अगं, गहिनीला जेवायला वाढ.” वहिनींनी पाट मांडला, ताट वाढलं. मी जेवलो.